ड्यूटी लिस्टवर सही कोणाची?

आज 1 जुलै. डॉ. बिधानचंद्र रॉय यांची जयंती आणि पुण्यतिथीही. 1991 पासून देश हा दिवस 'डॉक्टर्स डे' म्हणून पाळतो. आज गुलाबपुष्पे दिली जातील, केक कापले जातील आणि 'देवदूत' म्हणता म्हणता वक्त्यांचे घसे बसतील. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या सभागृहात हा सोहळा चालेल तेव्हा फर्स्ट इयरचे अनेक निवासी डॉक्टर मात्र वॉर्डातच असतील. ज्यांच्या युनिटची काल इमर्जन्सी होती, त्यांची आज पोस्ट-इमर्जन्सी. रात्रभर भरती केलेल्या पेशंटचा राउंड, रक्ताचे रिपोर्ट, अर्धवट राहिलेल्या नोट्स. काल सकाळी सुरू झालेले काम आज संध्याकाळी आटोपले, तर दिवस बरा गेला म्हणायचे.

याविरुद्ध नियम नाही असे नाही. केंद्र सरकारने 1992 च्या जूनमध्येच निवासी डॉक्टरांसाठी सलग 12 तास आणि आठवड्याला 48 तास अशी मर्यादा घातली होती. अर्थात 'सामान्यतः' ही पळवाट ठेवून. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमावलीत आकडाही उरला नाही, 'वाजवी' तास आणि 'वाजवी' विश्रांती एवढेच आले. 2024 मध्ये आयोगाच्याच कृती दलाने आठवड्याला 74 तासांची कमाल मर्यादा सुचवली. म्हणजे बत्तीस वर्षांत आपण 48 वरून 74 वर पोहोचलो, आणि तेही शिफारशीपुरते.

त्याच वर्षी 9 ऑगस्टला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात निवासी डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर 36-36 तासांच्या ड्यूट्या अमानवी असल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही सुनावले. पण पुढची चर्चा कॅमेरे आणि सुरक्षारक्षक यांभोवतीच राहिली. ती गरजेचीच होती. तरीही रात्रीच्या ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीला पाठ टेकायला सेमिनार हॉल का गाठावा लागला, हे फारसे कोणी विचारले नाही.

जागरणाने नेमके काय होते, हे मोजलेले आहे. 1997 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या प्रयोगानुसार सलग 24 तास जागलेल्या माणसाचे हातपाय आणि डोके रक्तात 0.10 टक्के अल्कोहोल असल्यासारखे चालते. आपल्याकडे वाहनचालकासाठी मर्यादा 0.03 टक्के आहे. त्या अवस्थेत स्कूटर चालवणाऱ्याचा परवाना आपण काढून घेऊ, पण सेंट्रल लाइन टाकायला त्यालाच पुढे करतो. बोस्टनच्या अतिदक्षता विभागात 2004 मध्ये तुलना केली, तेव्हा जुन्या लांबलचक ड्यूट्यांत इंटर्नच्या हातून 36 टक्के अधिक गंभीर चुका झाल्याचे दिसले.

'आम्हीही असेच शिकलो' हे यावरचे ठरलेले उत्तर. ही परंपरा रुजवणारे जॉन्स हॉपकिन्सचे शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड स्वतः आधी कोकेनच्या आणि नंतर मॉर्फिनच्या आहारी गेलेले होते, हे राउंडवर कोणी सांगत नाही.

खरी गोम ड्यूटी लिस्टमध्ये आहे. ती बहुतेक ठिकाणी सिनिअर निवासी बनवतो. तो स्वतःच थकलेला, आणि गेल्या वर्षी त्याचेही असेच हाल झालेले. युनिट प्रमुख ती पाहतात की नाही, देव जाणे. अध्यापक आले का, हे तपासायला आयोगाने आधारशी जोडलेली हजेरी आणली. निवासी डॉक्टर घरी गेला का, हे मात्र कोणतेही यंत्र विचारत नाही. ड्यूटीचे तास नोंदवायचे, लिस्टवर विभागप्रमुखाची सही घ्यायची आणि मर्यादा ओलांडली की अधिष्ठात्यांनी जाब द्यायचा, एवढे झाले तरी पदे का वाढवायची हे मंत्रालयाला कागदावर दिसेल. वॉर्डबॉय मामा वेळेवर मिळत नाहीत म्हणून एमबीबीएस झालेली मुले ट्रॉली ढकलतात, सॅम्पल घेऊन लॅबकडे पळतात. ते तासही त्या नोंदीत येऊ द्या.

तास कमी केले की सगळे सुरळीत होते, असाही दावा नको. अमेरिकेने 2003 मध्ये आठवड्याला 80 तासांची मर्यादा देशभर लावली. पण पुढे शल्यचिकित्सेच्या निवासींवर झालेल्या मोठ्या चाचणीत कडक आणि सैल वेळापत्रकांतल्या पेशंटच्या मृत्यूंमध्ये फरक आढळला नाही. ज्येष्ठांचा आक्षेपही याच जातीचा: डॉक्टर बदलला की पेशंटची माहिती गळते. ती गळते, हे खरेच आहे. पण 2014 मध्ये अमेरिका-कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत माहिती सोपवण्याची ठरीव पद्धत बसवल्यावर चुका 23 टक्क्यांनी घटल्या. आणि त्यासाठी अमेरिकेला जायचीही गरज नाही. त्याच वॉर्डात, त्याच पेशंटांसाठी सिस्टर तीन पाळ्यांत काम करतात. पाळी बदलताना रजिस्टर उघडून खाटेगणिक ओव्हर देतात, ओव्हर घेतात आणि मग घरी जातात.