हप्ता किती, हे विचारू नका!

घरात गाडी घ्यायची ठरली की आपल्या वाट्याला काय येतं? रंग निवडणं, सनरूफसाठी हट्ट धरणं आणि डिलिव्हरीच्या दिवशी गाडीवरचं कापड ओढतानाचा रील काढणं. पैशाचं बोलणं बाबा बघतात. दोन वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं.

बाबा सेल्समनसमोर बसले होते आणि मी शोरूममधल्या गाडीत स्टिअरिंगवर हात ठेवून फोटो काढत होते. कोथिंबिरीच्या जुडीचे पाच रुपये कमी केल्याशिवाय पुढे न सरकणारी माझी आई त्या एसीत कॉफीचा कप धरून गप्प बसली होती. सेल्समनने अगदी गोड आवाजात विचारलं, "सर, महिन्याला किती जमेल?" बाबांनी खरा आकडा सांगितला आणि घासाघीस तिथेच संपली. पुढचं सगळं त्या आकड्यात बरोब्बर बसवून समोर आलं. सात वर्षांचं कर्ज, झेपेल असा हप्ता, वरचं मॉडेल. आम्ही खुशीत पेढे वाटले.

यंदा माझी डिग्री संपतेय. मास्टर्सच्या फीचा विषय काढला तेव्हा बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "एक वर्ष थांबशील का?" मी थांबणार आहे. बाबांवर राग नाही. राग आहे तो फोटो काढत बसलेल्या माझ्यावर. कारण घरात हातात फोन, वेळ आणि बऱ्यापैकी इंग्रजी असलेली व्यक्ती मीच होते.

म्हणून तुम्हाला सांगतेय. घरच्या गाडीच्या व्यवहारात तुम्ही पडलंच पाहिजे. तिथे मोठ्या आवाजाने भाव कमी होत नाही, माहितीने होतो. आणि ती माहिती काढणं आपल्याला आई-बाबांपेक्षा सोपं जातं.

आधी हप्त्याचं गणित बघा. समजा, सहा लाखांचं कर्ज आहे आणि व्याज नऊ टक्के. पाच वर्षांसाठी हप्ता येतो सुमारे 12,450 रुपये. मुदत सात वर्षं केली की तो साधारण 9,650 वर येतो. महिन्याला 2,800 वाचले म्हणून आपण खूश होतो. पण एकूण व्याज जवळपास 63,500 रुपयांनी वाढलेलं असतं, ते कुणी मोठ्याने वाचून दाखवत नाही. हे मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरने दोन मिनिटांत कळतं. त्यामुळे शोरूममध्ये "महिन्याला किती जमेल?" असं विचारलं की हसून एवढंच म्हणा, "आधी ऑन-रोड किंमत सांगा, कर्जाचं नंतर बघू."

आणि ती किंमत लेखी घ्या, एकेक रक्कम वेगळी लिहिलेली. एक्स-शोरूम किमतीवर तुमचं फार काही चालत नाही. रोड टॅक्सही सरकारी. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला तो 11 टक्के आहे. पण त्याखालच्या ओळी नीट वाचा. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा लागतोच, पण तो कुठून घ्यायचा हे तुम्ही ठरवता. बाहेरचे दोन आकडे आधीच काढून न्या. हँडलिंग चार्जेस, अ‍ॅक्सेसरीज पॅक, कोटिंग यांतल्या प्रत्येकाबद्दल विचारा, "हे सरकारला जातं की तुम्हाला?" तुम्हाला नको असलेली ओळ खोडायला सांगण्यात लाज कसली? त्याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरचं कोटेशन हातात असेल तर आवाज चढवावा लागत नाही.

वेळही बघा. दसरा-पाडव्याला गर्दी असते, मुहूर्त साधायची घाई आपल्यालाच असते आणि ती समोरच्याला दिसते. पितृपक्षात बरेच लोक खरेदी टाळतात, तेव्हा शोरूममध्ये तुमच्याशी बोलायला भरपूर वेळ असतो. बुकिंग तेव्हा करा आणि डिलिव्हरी घटस्थापनेनंतर घ्या, म्हणजे आजीही खूश! डिसेंबरमध्येही सूट मिळते, कारण जानेवारी उजाडला की तीच गाडी कागदावर एक वर्षाने जुनी होते. पण गाडी लवकर विकणार असाल तर हेच वर्ष तुमच्या अंगावर येईल, एवढं लक्षात ठेवा.

आता खरा वादाचा मुद्दा. नवी घ्यायची की सेकंड हँड? माझं मत स्पष्ट आहे. पहिली गाडी असेल, घरात अजून कुणी गाडी चालवायला शिकणार असेल आणि ती आठवड्यातून दोनदा बाहेर निघणार असेल, तर तीन-चार वर्षं वापरलेली चांगली गाडी शोधा. विमा कंपन्यांचं घसाऱ्याचं कोष्टक बघा. गाडी सहा महिन्यांची होईपर्यंत किमतीतून 5 टक्के वजा, वर्षाची होईपर्यंत 15, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला 30, चार ते पाच वर्षांच्या गाडीला थेट 50. बाजारभाव याच्याशी तंतोतंत जुळत नाही, मॉडेलप्रमाणे बदलतो. पण पहिल्या मालकाने किती झीज सोसली, याचा अंदाज येतो. ती झीज आपणच का सोसायची? "शेजारचे काय म्हणतील" यासाठी?

सेकंड हँडला लोक घाबरतात, आणि ती भीती खोटी नाही. इकॉनॉमिक्सवाल्यांना जॉर्ज अकरलॉफ माहीत असेल. जुन्या गाड्यांच्या बाजारावर 1970 मध्ये त्यांनी लिहिलेला निबंध गाजला आणि 2001 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मुद्दा साधा होता. गाडीतली खोट विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो आणि चांगल्या गाडीचा मालक विकायलाच येत नाही. आपल्याकडे बैलबाजारात बैलाचे दात बघितल्याशिवाय, त्याला चालवून बघितल्याशिवाय कुणी पैसे मोजत नव्हतं. गाडीचेही दात बघता येतात.

बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना स्वतः सुरू करा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पुरात बुडालेली गाडी वरून कितीही पुसली तरी पट्ट्यावर चिखलाचा डाग राहू शकतो. टायरवर चार आकडी कोड असतो, त्यावरून तो कुठल्या आठवड्यात आणि कुठल्या वर्षी बनला ते कळतं. मीटर 20,000 किलोमीटर दाखवतंय आणि पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर प्रश्न विचारा. सर्व्हिसिंगच्या नोंदी मागा. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हवा. दंडाची चलनं ऑनलाइन तपासा. आणि ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्या. त्याला दिलेले पाचशे-हजार रुपये वाया जात नाहीत, कारण त्याने काढलेली प्रत्येक खोट म्हणजे तुमच्या घासाघिशीतला एक मुद्दा.

आणखी एक मुद्दा आयताच मिळालाय. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा, म्हणजे चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. विकणारा सांगेल, "मी साडेसातला घेतली होती." तुम्ही विचारा, "आज नवी कितीला मिळते?" हिशोब त्या आकड्यापासून सुरू करा.

सौदा झाला की फॉर्म 29 आणि 30 भरून आरसीवर नाव बदलून घ्या. इथे टू-व्हीलरवाल्यांनीही कान द्या. हॉस्टेल सोडताना ज्युनिअरला गाडी विकतो, पैसे घेतो आणि "नाव नंतर करू" म्हणतो ना? 2018 मध्ये सुप्रीम कोर्टासमोर असंच प्रकरण आलं होतं. गाडी हातोहात पुढे विकली गेली होती, पण आरसीवर नाव पहिल्याच माणसाचं होतं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. जुनी सवय आहे म्हणून हे सोडून देऊ नका.

नवी गाडी घेणं चूक, असं मी म्हणत नाही. रोजचा लांबचा प्रवास असेल, घरात गाडीतलं कळणारं कुणी नसेल, वॉरंटीमुळे झोप शांत लागणार असेल, तर नवीच घ्या. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजही सहसा जास्त पडतं, तेही हिशोबात धरा. फक्त हिशोब करून घ्या.

आणि हो, घासाघीस म्हणजे कमीपणा, असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढा. सगळं अ‍ॅपवर छापील किमतीत घ्यायची सवय लागल्याने आपली ती कला जरा गंजलीय. कोथिंबीरवालीकडचे पाच रुपये सोडून द्या, तिचं पोट त्यावर आहे. तो चिकटपणा शोरूमसाठी राखून ठेवा.

पुढच्या रविवारी घरचे गाडी बघायला निघाले तर रील नंतर काढा. बाबांच्या शेजारची खुर्ची ओढा आणि बसा. कोटेशनचा कागद तुमच्या हातात घ्या. त्या कागदावर कदाचित तुमची पुढच्या वर्षाची फी असेल.