जोडीची लांबी १ का?

हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत (३, ४) या जोडीची लांबी विचारली, की उत्तर मिळते १. घटक दोन असताना लांबी एक कशी? २०१५ मध्ये जीएचसी कंपायलरच्या ७.१० आवृत्तीसोबत ‘लेंग्थ’ हे फंक्शन केवळ याद्यांपुरते न राहता ‘फोल्डेबल’ या टाइप क्लासमधील सर्व रचनांना लागू झाले. तेव्हापासून हे उत्तर चेष्टेचा विषय बनले आहे. तरीही त्याला चूक म्हणणे अन्यायाचे ठरेल.

‘फोल्डेबल’ किंवा ‘फंक्टर’ या क्लासला पूर्ण प्रकार नको असतो. एक जागा रिकामी असलेली रचना हवी असते. यादीला एकच प्राचल, म्हणजे पॅरामीटर, असतो. त्यामुळे तेथे अडचण येत नाही. जोडीला मात्र दोन असतात. म्हणून इन्स्टन्स लिहिताना पहिला भरून टाकावा लागतो आणि दुसरा मोकळा राहतो. हेच प्रकाराचे अंशतः उपयोजन. भरलेला घटक रचनेचा भाग होतो, आशय म्हणून एकच उरतो, आणि लांबी मोजली जाते ती आशयाची. ‘आयदर’ या प्रकारात हाच नियम उपकारक ठरतो. संकेतानुसार तेथे पहिली जागा त्रुटीची, दुसरी उत्तराची. ‘एफमॅप’ उत्तरावर क्रिया करते आणि त्रुटीला हात लावत नाही.

मग दुसरा प्राचल भरून पहिला मोकळा का ठेवता येत नाही? त्यासाठी प्रकारांच्या पातळीवर मुक्त लॅम्डा लागेल आणि प्रकार ताडून पाहण्याचे काम उच्च कोटीच्या एकीकरणापर्यंत जाईल. हा प्रश्न द्वितीय कोटीतही अनिर्णेय आहे, हे वॉरन गोल्डफार्ब यांनी १९८१ मध्ये सिद्ध केले. म्हणजे डावीकडून भरत जाण्याचे बंधन ही उणीव नसून, प्रकार स्वतःहून ओळखणाऱ्या कंपायलरसाठी मोजलेली किंमत आहे. पहिल्या घटकावर क्रिया करायची असेल, तर ‘बायफंक्टर’ किंवा ‘न्यूटाइप’चे वेष्टण उपलब्ध आहेच.

खरा आक्षेप वेगळा आहे. यादीच्या जागी चुकून जोडी दिली, तर पूर्वी कंपायलर अडवत असे. आता ती चूक निमूटपणे पार होते. हा दोष अंशतः उपयोजनाचा नाही, जोडीला तो इन्स्टन्स देण्याच्या निर्णयाचा आहे. नियमाने जे शक्य होते, ते सारेच इष्ट नसते. विद्यार्थ्यांनी यातून घ्यावा असा धडा एकच: प्रकार घडवताना प्राचलांचा क्रम ही सोय नव्हे, जबाबदारी आहे, कारण शेवटच्या जागी जे ठेवले जाते, त्यालाच पुढे आशयाचा मान मिळतो.