वाढणाऱ्याचा हात

पंगतीत एक दृश्य हमखास दिसते. पाहुण्याचे जेवण आटोपत आलेले असते. ताकभाताचे शेवटचे चार घास उरलेले असतात आणि नेमके तेव्हाच जिलेबीचे ताट घेऊन यजमान स्वतः पुढ्यात येऊन उभे राहतात. पाहुणा दोन्ही हात पानावर आडवे धरतो. ‘नको, खरेच नको,’ म्हणतो. यजमान हसतात, शेजारी बसलेला ‘वाढा हो, वाढा’ म्हणून साथ देतो आणि बोटांच्या फटीतून दोन जिलेब्या पानात पडतात. सारी पंगत प्रसन्न होते. पाहुणा त्यांतली अर्धी कशीबशी संपवतो. उरलेली दीड पानाच्या कडेला राहते, पंगत उठते, आणि पाने उचलणारा मुलगा ती दीड जिलेबी इतर खरकट्यासोबत पातेल्यात झटकतो.

उष्टे टाकल्याचा ठपका पाहुण्यावर येतो. त्याने हात आडवे धरले होते, हे तोवर कोणाच्या ध्यानात राहिलेले नसते.

जैन कुटुंबात हा प्रश्न केवळ नासाडीचा नाही. उष्ट्या अन्नात दोन घटिकांच्या, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, अशी परंपरेची मान्यता आहे. म्हणूनच ताटात कण राहू नये याची काळजी घेतली जाते आणि अनेक घरांत जेवण झाल्यावर ताट धुऊन ते पाणी पिण्याचा रिवाज आहे. दुसरीकडे, पोट तुडुंब भरेपर्यंत जेवणेही या परंपरेला मान्य नाही. सहा बाह्य तपांत अनशनाच्या पाठोपाठ उणोदरीचे नाव येते. दिगंबर परंपरेत तिलाच अवमौदर्य म्हणतात. पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घासांचा आणि स्त्रीचा २८ घासांचा मानून त्यापेक्षा काही घास कमी घ्यावेत, एवढे साधे हे तप आहे. उपवासापेक्षा ते सोपे वाटते. प्रत्यक्षात भरल्या ताटापुढे बसून थांबणे पुष्कळांना उपवासाहून कठीण जाते.

आता पंगतीतल्या त्या पाहुण्याकडे पुन्हा पाहावे. जिलेबी संपवली तर उणोदरी मोडते, ठेवली तर उष्टे पडते. दोन्ही वाटा त्याच्यासाठी बंद झाल्या, आणि त्या बंद केल्या त्या प्रेमाने. आग्रहाला मराठी घरात मोठी प्रतिष्ठा आहे. विहिणीच्या पंगतीत तर आग्रह कमी पडला म्हणून वर्षानुवर्षे बोल ऐकावे लागल्याच्या कथा प्रत्येक नात्यात सापडतात. त्यामुळे वाढणारी गृहिणीही एका परीने अडकलेलीच असते. पुन्हा विचारले नाही तर कोरडेपणा, आणि विचारून वाढले तर पाहुण्याची अडचण.

यातून वाट काढण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. श्रावकाच्या बारा व्रतांतील शेवटचे व्रत अतिथिसंविभाग. त्याचा मूळ रोख साधू-साध्वींना निर्दोष आहार देण्याकडे असला, तरी घरी आलेल्या पाहुण्याला आधी वाढण्याची सवय त्यातूनच घडत आली. दिगंबर मुनींच्या आहाराचा प्रसंग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वाढणाऱ्याचा हात कसा असावा हे वेगळे सांगण्याची गरज नाही. मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, स्वतःच्या ओंजळीत आहार घेतात. श्रावक एकेक घास ओंजळीत ठेवतो, तो नीट पाहून, निवडून. सारे मौनात चालते. आणि ओंजळ सुटली की आहार संपला. त्यानंतर ‘आणखी एकच घास’ असे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नसते. श्वेतांबर साधू-साध्वी गोचरीला येतात तेव्हाही ‘लाभ द्या’ अशी विनंती भक्तिभावाने होते, पण पात्र केव्हा मागे घ्यायचे हे घेणारा ठरवतो. ज्या अतिथीला सर्वांत अधिक मान, त्याचा नकार असा पहिल्या खुणेतच मानला जातो. मग सोयऱ्याच्या आडव्या हातांनी काय अपराध केला आहे?

जुन्या मराठी घरांत पान वाढणे ही शिकण्याची गोष्ट होती. मीठ सर्वांत आधी, वरच्या कडेला मध्यभागी. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवीकडे भाज्या आणि आमटीची वाटी. खाली मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तुपाची धार. घराघरांत यात थोडा फरक पडे, आणि चटणीच्या जागी कोशिंबीर आलेली काही सासूबाईंना मुळीच खपत नसे. डावी आणि उजवी बाजू मात्र सहसा कोणी बदलीत नसे. याचे कारण शोभेत नाही. डावी बाजू तोंडी लावण्याची, बोटाच्या टोकाने घ्यावयाच्या पदार्थांची. उजवी बाजू हाताला जवळची, पुन्हा पुन्हा घेण्याची आणि पुन्हा वाढण्याची. पदार्थाची जागा ठरली की त्याचे प्रमाणही आपोआप ठरत असे. चटणी कोणी डावभर वाढीत नसे.

पंगतीला फेऱ्या असत, हेही तितकेच महत्त्वाचे. वाढपी पुन्हा येणार आहे हे ठाऊक असल्यामुळे पहिले वाढणे थोडेच असे आणि जेवणाराही निश्चिंत असे. लहान मुलाच्या पानात अर्धीच पोळी पडे. जुन्या वाढप्यांची नजर अशी तयार असे की कोणाच्या पानातला भात संपत आला आणि कोण नुसता चिवडत बसला आहे, हे त्यांना पंगतीच्या टोकापासून दिसे.

जैन पाहुण्यासाठी हेच पान वाढताना काही बदल करावे लागतात, आणि ते आधी ठाऊक असले तर ऐन वेळी धांदल होत नाही. कंदमुळे वर्ज्य, म्हणून कोशिंबीर गाजराची वा मुळ्याची नको, काकडीची चालेल. ओल्या आल्याऐवजी सुंठ. पर्वतिथीला हिरवी भाजीही नको, तेव्हा कडधान्याची उसळ किंवा पिठले उपयोगी पडते. येथवर बहुतेकांना माहिती असते. चुकते ते द्विदलाच्या बाबतीत. न तापवलेले दही किंवा ताक आणि डाळ-कडधान्य यांचा संयोग पाळणाऱ्या घरांत निषिद्ध मानतात. मराठी पानात मात्र दह्यातली कोशिंबीर आणि तुरीच्या डाळीचे वरण यांच्यामध्ये चार बोटांचे अंतर असते! अशा वेळी कोशिंबिरीला दह्याऐवजी लिंबू पिळावे, आणि दही वाढायचेच असेल तर ते स्वतंत्र वाटीत, डाळीचे पदार्थ आटोपल्यावर, हात आणि ताट धुऊन झाल्यानंतर. कढी करताना ताक आधी तापवून घेऊन मग त्यात बेसन मिसळले जाते, त्याचे कारणही हेच. वाढताना दह्याचा चमचा आमटीत बुडू नये, एवढे एक पथ्य सांभाळले तरी पाहुण्याच्या मनावरचे ओझे उतरते. तो बोलून दाखवीत नाही. त्याला ताटाकडे पाहूनच कळते.

आता पुष्कळ घरांत पाट जाऊन टेबल आले. टेबलाबरोबर काटे-चमच्यांची पाश्चात्त्य मांडणीही आली आणि तिच्याविषयी थोडी भीतीही. ती अनाठायी आहे. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, धार ताटाच्या बाजूला, चमचा सुरीच्या पलीकडे, पेला सुरीच्या टोकाच्या वरच्या अंगाला. पदार्थ ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने बाहेरून आत वापरीत जावयाचे, यापलीकडे त्यात फारसे गूढ नाही. विशेष म्हणजे एकामागून एक पदार्थ वाढण्याची ही रीत युरोपातही तशी अलीकडची. ती ‘रशियन पद्धत’ म्हणून एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. त्यापूर्वी तेथील मोठ्या घरांच्या मेजवान्यांत बरेच पदार्थ एकदमच टेबलावर मांडले जात.

या मांडणीत एक गोष्ट मात्र उचलण्याजोगी आहे. जेवण झाले की सुरी आणि काटा एकमेकांना समांतर ताटात ठेवतात. ती खूण दिसली की ताट उचलले जाते. ‘का हो, आवडले नाही का?’ असे कोणी विचारीत नाही. ‘पुरे’ हा शब्द न उच्चारता सांगण्याची सोय तेथे आहे आणि ती मानली जाते.

टेबलाची मांडणी घेताना सगळीच तशीच्या तशी घेण्याचे मात्र कारण नाही. पेला उजवीकडे ठेवण्याची रीत काटे-चमच्यांनी जेवणाऱ्यासाठी ठीक आहे. उजव्या हाताने जेवणाऱ्याला त्याच पेल्याला तूप-वरणाचा हात लावावा लागतो. घरी पोळी-भाजीचे जेवण असेल तर पेला निःसंकोचपणे डावीकडे ठेवावा. कोणत्याही शिष्टाचाराचा त्याने भंग होत नाही. पाण्याचे भांडे भरून टेबलावरच असू द्यावे. ज्याला ताट धुऊन प्यायचे असेल त्याला पाणी मागावे लागू नये, हेही त्यामागे आहे.

ताट धुऊन पिण्याविषयी हल्ली तरुण मुलांना संकोच वाटू लागला आहे. घरी ती सवयीने करतात. कार्यालयातले स्नेही जेवायला आले की आजोबांनी तसे करू नये असे त्यांना वाटते, आणि आजोबांनाही ते कळते. कधीकधी आजोबा त्या दिवशी आधीच स्वयंपाकघरात जेवून घेतात. घरच्या कर्त्या माणसाने आपल्याच टेबलावरून असे उठून जावे, यासारखा शिष्टाचाराचा दुसरा पराभव नाही. पाहणाऱ्यांनी त्याकडे टक लावून पाहू नये आणि त्याचे मोठ्याने कौतुकही करू नये. दोन्हींमुळे माणूस सारखाच अवघडतो. कोणी सहज विचारले तर एका वाक्यात सांगावे आणि पुढच्या विषयाकडे वळावे.

वेळेचेही असेच. रात्री साडेआठचे निमंत्रण स्वीकारणारा चौविहारी पाहुणा येतो, हसून गप्पा मारतो आणि रिकाम्या ताटापुढे बसून राहतो. अशन, पान, खादिम, स्वादिम या चारही आहारांचा त्याने सूर्यास्तालाच त्याग केलेला असतो, त्यामुळे सरबतही त्याला चालत नाही. मुंबईत डिसेंबरच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जूनच्या अखेरीस सव्वासात होऊन जातात. जी घरे सूर्यास्तापूर्वी दोन घटिका आधी जेवण आटोपतात, त्यांना हिवाळ्यात सव्वापाचच्या आतच उठावे लागते. निमंत्रण देतानाच ‘चौविहार आहे का?’ एवढे विचारले आणि सुट्टीच्या दिवशी दुपारचे जेवण ठेवले, तर प्रश्नच उरत नाही. टेबलाची मांडणी खरे तर या प्रश्नापासून सुरू होते, ताट-वाट्या नंतर.

लग्नसमारंभात मात्र आता पंगतीही राहिल्या नाहीत. स्वहस्ते वाढून घेण्याच्या पद्धतीत आग्रह करणारा कोणी नसतो, तेव्हा उष्टे कमी पडावे अशी अपेक्षा होती. घडले उलटेच. रांगेत पुन्हा उभे राहण्याच्या कंटाळ्याने माणसे एकाच ताटात सारे काही घेतात: भातावर पनीर, पनीरवर जिलेबी, जिलेबीला आमटीचा ओघळ. पंगतीच्या फेऱ्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर ‘पुन्हा मिळेल’ हा विश्वासही गेला. आग्रह आता आतून होतो, एवढाच फरक.

काही जैन समारंभांत यावर उपाय म्हणून ताटे ठेवण्याच्या जागी स्वयंसेवक उभे करतात. उष्टे असलेले ताट घेऊन आलेल्याला ते हात जोडून परत पाठवतात. हेतू उत्तम आहे. पण नऊवारी सावरीत, कडेवर नातवंड घेऊन उभ्या असलेल्या वृद्ध बाईंना चारचौघांत ताट घेऊन माघारी फिरावे लागते आणि न झेपणारा गुलाबजाम डोळे मिटून गिळावा लागतो, तेव्हा तो उपाय जरा उशिराने योजला गेला असे म्हणावे लागते. तेच दोन स्वयंसेवक खरकट्याच्या पातेल्यापाशी उभे न करता रांगेच्या सुरुवातीला उभे करून पाहावेत, हातात लहान डाव देऊन. एकाने भात वाढावा, एकाने गोड. ‘अर्धाच घ्या, मी इथेच आहे,’ असे म्हणत.