साठ लिटरात दोन

पवना धरणाच्या गोड्या पाण्याशेजारी, आमच्या पवनानगरात, एका घरी समुद्री माशांची साठ लिटरची काचेची टाकी आली आहे आणि मुलांची यादी सात माशांवर गेली आहे. माझं मत विचाराल तर दोन, तिसरा नको. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उभं राहिलं, तिथे समुद्र दाराशी होता. इथे लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम खास मीठ विरघळवून समुद्र घरीच करायचा. विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो आणि तो पचवणारे जिवाणू दगडा-वाळूवर रुजायला काही आठवडे लागतात. त्यात खाऱ्या पाण्यात प्राणवायूही गोड्यापेक्षा कमी विरघळतो. पाणी आटलं तरी मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या पाण्याची, हे लक्षात ठेवाच. क्लाउनफिशची जोडी आणा. तिच्यात मोठी असते ती मादी. ती गेली तर नरच मादी होतो, बघायला आणखी काय हवं! मुलांचा जीव मात्र निळ्या टँगवर जडलाय. तो वाढून फूटभर होतो, त्याला मोकळं पोहायला लागतं. रडू देत थोडं, पण त्याला या टाकीत कोंडू नका.