गळालेले नाव नव्या यादीत शोधू नका!

मतदारयादीतून आपले नाव उडाले हे माणसाला कळते केव्हा? मतदानाच्या दिवशी, रांगेत तासभर उभे राहून टेबलापाशी पोहोचल्यावर! 2014 च्या लोकसभा निवडणुकीत पुण्यात आणि मुंबईत हजारो मतदारांवर हीच पाळी आली. हातात ओळखपत्र, मागच्या निवडणुकीत मत दिलेले, आणि यादीत नाव नाही. त्या दिवशी आरडाओरड करून काय उपयोग? अधिकाऱ्याच्या पुढ्यातली यादी हाच त्या दिवसाचा कायदा असतो.

नवी यादी लागली की आपण काय करतो? आपले नाव पाहतो, घरच्यांची नावे पाहतो आणि यादी मिटतो. वस्तीतले कोण गळाले ते पाहत नाही. आणि पाहायचे म्हटले तरी नव्या यादीत ते दिसणार कसे? गळालेले नाव फक्त जुन्या यादीत असते. म्हणून जुनी यादी रद्दीत घालणारा कार्यकर्ता आपल्या वस्तीचा पुरावाच रद्दीत घालतो.

एकूण आकड्यावरही विसंबू नये. जुन्या यादीत हजार नावे आणि नव्या यादीतही हजार, म्हणजे सारे ठीक असे नव्हे. साठ गेली आणि साठ नवी आली तरी बेरीज तीच राहते. बेरीज खोटे बोलत नाही, पण सारे सांगतही नाही. जुन्या यादीतले एकेक नाव नवीत आहे का, हे तपासणे हाच एक मार्ग.

हे पनवेलच्या खांदा कॉलनीसारख्या सिडको वसाहतीत फार महत्त्वाचे. येथे अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला की अनेकांचे बिऱ्हाड हलते, कधी शेजारच्याच सेक्टरमध्ये. जुन्या यादीभागात ‘स्थलांतरित’ शेरा पडतो, नव्यात नाव चढत नाही. घरकाम करणारी बाई आणि नाक्यावर उभा राहणारा मजूर चौकशीच्या वेळी घरी नसतात. कुलूप दिसले की माणूस ‘गैरहजर’!

ताडून पाहताना नावावर जाऊ नका. एका यादीत ‘सिद्धार्थ’ तर दुसरीत ‘सिध्दार्थ’, एकीत माहेरचे आडनाव तर दुसरीत सासरचे. ओळखपत्राचा क्रमांक धरा: तीन इंग्रजी अक्षरे आणि सात आकडे. हे क्रमांक दोन साध्या मजकूर-फाइलींत एका ओळीत एक असे उतरवले आणि क्रमाने लावले, तर पहिलीत असलेले पण दुसरीत नसलेले क्रमांक संगणक क्षणात काढून देतो. अडचण एवढीच की आयोग यादी छायाचित्राच्या रूपात देतो. संगणकाला शोधता येईल अशी यादी मिळावी ही मागणी ऑक्टोबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केली नाही. मग क्रमांक हाताने उतरवा. तेही जमत नसेल तर दोघे बसा. एकाने जुन्या यादीतून वाचावे, दुसऱ्याने नवीत शोधून लाल पेन्सिलीने खूण करावी.

हे काम खरे तर यादी करणाऱ्याचेच. बिहारमध्ये 1 ऑगस्ट 2025 रोजी मसुदा यादी आली तेव्हा सुमारे 65 लाख नावे गळाली होती. कोणती आणि का, हे आयोगाने जाहीर केले ते 14 ऑगस्टच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर! लोकांना नवी यादी मिळाली होती. वजाबाकी मात्र न्यायालयाकडून मागून घ्यावी लागली.

बाबासाहेबांना हा धोका आधीच दिसला होता. 15 जून 1949 रोजी संविधान सभेत स्वतंत्र निवडणूक आयोगाची तरतूद मांडताना, काही प्रांतांत वंशाने, भाषेने वा संस्कृतीने वेगळ्या असलेल्या लोकांना मतदारयादीबाहेर ठेवले जात असल्याच्या तक्रारी त्यांनी सभागृहापुढे ठेवल्या. स्थानिक सरकारच्या पूर्वग्रहाने किंवा एखाद्या अधिकाऱ्याच्या लहरीने पात्र माणूस यादीबाहेर राहता कामा नये, हे त्यांचे म्हणणे होते. मताचा अधिकार संविधान देते. पण तो वापरण्याचा दरवाजा यादीतून जातो.

गळालेली नावे हाती आली की घरोघर जा. कोणी खरोखर मयत असेल, कोणी गाव सोडून गेला असेल. ती नावे सोडा. जो आजही तिथेच राहतो त्याचा नमुना 6 मुदतीत भरा आणि पोच घ्या. सेक्टर बदललेल्यासाठी नमुना 8 आहे. ‘येथे राहत नाही’ म्हणून नाव कमी करण्यापूर्वी त्या मतदाराला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असे 1950 च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे कलम 22 सांगते. ती दिली होती का, हे मतदार नोंदणी अधिकाऱ्याला लेखी विचारा.

सभा, मिरवणुका, बॅनर होतच राहतील. पण प्रत्येक यादीभागासाठी दोन माणसे, एक जुनी यादी आणि एक लाल पेन्सिल, एवढी तयारी आपल्या वस्तीत आहे काय?