पार्लरमध्ये शिकणाऱ्या पोरींचा करार कुठे आहे?

गावात पोरीची बारावी होते, पुढचे कॉलेज परवडत नाही. मग तिला मुंबईला अँटॉप हिलच्या मावशीकडे धाडतात. घराजवळच्या पार्लरात ती 'शिकायला' लागते. आधी झाडलोट आणि टॉवेल धुणे, मग आयब्रो, फेशियल, केसांना रंग. वर्ष सरते. हातात ना पगार, ना कागद. उद्या तालुक्याला स्वतःचे दुकान टाकायचे म्हटले आणि बँकेच्या साहेबाने शिकल्याचा पुरावा मागितला, तर पोरीने दाखवायचे काय?

अमेरिकेत या धंद्याला राज्याचा परवाना लागतो. अनेक राज्यांत ठरावीक तास शिकल्याशिवाय विद्यार्थिनीला गिऱ्हाइकाला हात लावू देत नाहीत. आपल्याकडेही तसा परवाना आणा, असे कोणी म्हणेल. आमचे मत तसे नाही. कार्डाची भिंत काय करते, हे मुंबईने पाहिले आहे. सिनेमाच्या रंगभूषाकारांच्या संघटनेत बाईला मेकअपचे कार्ड मिळत नसे. तिने केशभूषाच करायची. वर महाराष्ट्रात पाच वर्षे राहिल्याची अट. चारू खुराणा आणि त्यांच्या सहकारी भांडल्या, तेव्हा १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या अटी मोडीत काढल्या.

परवाना नको, पण करार हवा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात लेखी करार, त्याची नोंदणी आणि दरमहा विद्यावेतन आहे. मग अडते कुठे? २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे तीस किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणे बंधनकारक, चार ते एकोणतीस असतील तर मर्जीची गोष्ट, आणि चाराच्या खाली दारच बंद. गल्लीतल्या पार्लरात माणसे किती? मालकीणबाई आणि हाताखालची एखादी. म्हणजे पोर जिथे खरोखर शिकते, तिथेच कायदा पोचत नाही.

मालकीणबाई म्हणतील, आमचेच भाडे निघत नाही, विद्यावेतन कुठून देऊ? त्यांचेही खोटे नाही. म्हणून चार-पाच लहान पार्लरांना मिळून एक उमेदवार घेऊ द्यावा. २०१६ च्या योजनेतून विद्यावेतनाचा काही वाटा सरकार उचलते. तो या दुकानांनाही मिळावा. शिकल्याचे तास वहीत लिहावेत, परीक्षा आयटीआयने घ्यावी. केसांचा रंग लावण्याआधी कातडीवर थोडा लावून पाहायचा असतो, एवढे तरी त्या परीक्षेत विचारले जाईल. त्यात गिऱ्हाइकाचेही भले आहे.

आणि आईबापांनो, पोरीला एसटीत बसवण्याआधी एवढे विचारा: किती महिने, काय शिकवणार, हातावर काय देणार? उत्तर कागदावर लिहून घ्या. शेत अर्धेलीने देतानाही आपण चार माणसांसमोर बोलतो. ही तर पोटची पोर आहे.