घोडा, उंदीर आणि प्रतिसर्पविष

प्राण्यांवरच्या प्रयोगांचा विषय निघाला की वाद लगेच दोन टोकांना जाऊन बसतो. सौंदर्यप्रसाधनांपुरते उत्तर सोपे होते. त्यांच्यासाठी प्राण्यांवर चाचण्या घ्यायला भारताने 2014 मध्येच बंदी घातली आणि कुणाचे काही अडले नाही. अवघड प्रश्न सर्पदंशाचा आहे. 2000 ते 2019 या काळात देशात दर वर्षी सरासरी 58 हजार माणसे सर्पदंशाने मेली, बहुतेक खेड्यापाड्यांतली. त्यांना तारणारे प्रतिसर्पविष आजही घोड्यावाचून तयार होत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष घोड्याला थोडेथोडे टोचत नेतात आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वेगळी काढतात. घोडा त्रास सोसतो, पण जगतो. उंदराचे तसे नाही. औषधाची ताकद तपासायला विष आणि प्रतिविष एकत्र करून, अर्धा तास 37 अंशांवर ठेवून, ते मिश्रण उंदरांना टोचतात आणि ठरलेल्या वेळाने किती मेले ते मोजतात. मात्रा कमी पडलेल्या गटातले उंदीर श्वास कोंडून किंवा रक्तस्रावाने मरतात. मरण हेच तिथे माप असते.

शेतकऱ्याच्या जिवापुढे उंदरांचे काय घेऊन बसलात, असा आक्षेप येतो. तो मला मान्य आहे, पण एका अटीवर. एवढ्या मरणांतून निघालेले औषध त्या शेतकऱ्याला लागू पडले पाहिजे. इथेच घोडे पेंड खाते. देशात वापरले जाणारे बहुतेक विष तमिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रांतागणिक बदलते आणि काही भागांत हे प्रतिविष फिके पडते, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. उंदरांवर उत्तीर्ण झालेली कुपी शेकडो मैलांवरच्या दंशावर उतरेलच असे नाही. मग उंदीरही फुकट गेला आणि माणूसही.

सरसकट बंदी मागणाऱ्यांचेही मला पटत नाही. याच विज्ञान संस्थेच्या सहभागाने तयार झालेले, घोडा न लागणारे कृत्रिम प्रतिद्रव्य 2024 मध्ये जाहीर झाले. तेही उंदरांवरच तपासावे लागले. परंतु कमकुवत बॅच परीक्षानळीतच बाद करणे, उंदरांना वेदनाशामक देणे, तडफड सुरू होताच त्यांना सोडवणे, यातले काहीच अशक्य नाही. सरकारी रुग्णालयांसाठी प्रतिविष विकत घेताना राज्याने भावाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत: आमच्याकडच्या सापांच्या विषावर ते तपासले का, आणि त्यासाठी किती उंदीर मारले?